पिकाभोंवतीं जाळीचा पडदा

पिकावर कीड पडली म्हणजे ती मारावी कशी, हा विचार आपल्या मनांत प्रथम येतो. ती झाडापर्यंत पोंचूंच नये म्हणून मधें विणलेला पडदा धरावा, ही कल्पना त्या मानानें अगदीं साधी. परंतु तिचें खरें महत्त्व माणसाला फार उशिरां कळलें. तें कां, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

या पडद्याची पहिली कीर्ति शेतांतली नव्हे. मांसांत अळ्या आपोआप उत्पन्न होतात, अशी पूर्वीं विद्वानांचीहि समजूत होती. इटलींतील फ्रान्सेस्को रेडी या वैद्यानें मांसाचीं कांहीं भांडीं उघडीं ठेवलीं व कांहींवर नेपल्सचें तलम वस्त्र ताणून बसविलें. उघड्या भांड्यांत अळ्या झाल्या. झांकलेल्यांत झाल्या नाहींत. १६६८ सालीं त्यानें हें प्रसिद्ध केलें. वारा आंत जावा आणि माशी मात्र बाहेर राहावी, हा विणलेल्या पडद्याचा गुण तेव्हांच सिद्ध झाला होता.

तरीहि शेतकऱ्याला त्याची निकड भासली नाहीं. १९०० सालीं अमेरिकेंतील कनेटिकट संस्थानांत तंबाखूच्या शेतावर पातळ सुती कापडाचा मांडव घातला गेला. पण तो मुख्यतः सावलीसाठीं, सिगारच्या वेष्टनाला लागणारें तलम पान मिळावें म्हणून. कीड दूर राहिली हा वरकड लाभ.

दृष्टि पालटली ती १९२६ सालीं. न्यूयॉर्कजवळील यॉन्कर्स येथें एल. ओ. कुंकेल यांनीं दाखवून दिलें कीं, अ‍ॅस्टरचीं रोपें पिवळीं व खुरटीं करणारा रोग एका जातीचा तुडतुडा पसरवितो. रोगट झाडाचा रस शोषल्यावर कांहीं दिवसांनीं तो निरोगी झाडांना रोग देऊं लागतो. तुडतुडा खातो तें नुकसान क्षुल्लक. मागें ठेवून जातो तें प्राणघातक. फवाऱ्यानें तो मेला, तरी मरण्यापूर्वींचा एक दंशहि घात करूं शकतो. येथें मारण्यापेक्षां अडविणें श्रेष्ठ ठरलें, आणि अ‍ॅस्टरचे ताटवे इंचाला सुमारें २२ धागे असलेल्या कापडाच्या मांडवांत वाढूं लागले.

या धड्याची किंमत किती, हें पुढें फ्लॉरिडाच्या बागांनीं दाखविलें. २००५ सालीं तेथें ग्रीनिंग नांवाचा रोग आढळला. त्याचे जंतु सायला नांवाचा किडा झाडोझाडीं नेतो. हा किडा जेमतेम तीन-चार मिलिमीटरांचा. फळें वेडींवांकडीं, कडवट होऊन गळतात. २००३-०४ च्या हंगामांत तेथें संत्र्यांच्या सुमारें २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२२-२३ मध्यें १ कोटी ६० लाखहि निघाल्या नाहींत. वादळांचाहि त्यांत वांटा होता, परंतु मुख्य अपराधी हा रोगच. अखेर कांहीं बागाईतदारांनीं संबंध झाडेंच इंचाला ५० छिद्रांच्या जाळीखालीं घेतलीं.

मात्र हा उपाय सरसकट करण्याजोगा नाहीं. खर्च मोठा, वादळाचें भय निराळें. शिवाय जाळी शत्रु-मित्र जाणत नाहीं. तुडतुड्याबरोबर मधमाशीहि बाहेर राहते, आणि जेथें परागासाठीं माशी लागते तेथें ती पोसून आंत सोडावी लागते. म्हणून जाळीचें खरें स्थान रोपवाटिकेंत. मातृवृक्ष व कलमें किटकरोधक जाळीगृहांत ठेवणें फ्लॉरिडांत सक्तीचें झालें. तशा घराला दारें दोन. पहिलें लागल्यावांचून दुसरें उघडावयाचें नाहीं. आपल्या नागपुरासहि केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेंत संत्र्याचीं रोगमुक्त कलमें अशाच जाळीगृहांत वाढवितात. कारण सायला विदर्भालाहि परका नाहीं.

संत्र्याचें झाड पंचवीस-तीस वर्षें फळ देऊं शकतें. त्याची निरोगी सुरुवात पहिल्या एक-दोन वर्षांत ठरते. तेवढा काळ त्याच्या आणि एका दंशाच्या मधें पडदा धरणें, हीच या जुन्या विद्येची नवी किंमत आहे. कलम विकत घेतांना तें कोठें वाढलें, हें विचारण्याची संवय आपण लावून घेतली, तर तिचें सार्थक होईल.