रेघ कोणी पुसली?

वर्गात अमेरिकेचे यादवी युद्ध शिकवताना आम्ही फळ्यावर एक आडवी रेघ ओढतो. १८२० च्या तडजोडीची ही रेघ. फ्रान्सकडून विकत घेतलेल्या मुलखात, मिसुरी सोडल्यास, रेघेच्या उत्तरेला गुलामी नको असे ठरले होते. १८५४ मध्ये सिनेटर डग्लस यांच्या कायद्याने ती पुसली. म्हणे, रहिवाशांनीच ठरवावे! ऐकायला किती लोकशाही! पण मार्च १८५५ मध्ये कान्सासात मतदार २,९०५ आणि मते पडली सहा हजारांवर. शेजारच्या मिसुरीतून टोळ्या आल्या होत्या.

"सर, गुलामांना विचारले का?" एका मुलीने विचारले.

नाही. ड्रेड स्कॉटने मात्र स्वतःच न्यायालयात स्वातंत्र्य मागितले. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, काळा माणूस नागरिकच नाही, आणि नव्या मुलखात गुलामी रोखण्याचा काँग्रेसला अधिकार नाही. त्याच वर्षी नव्या मालकाने स्कॉटला मुक्त केले. १८५८ मध्ये तो वारला. युद्ध पेटले १८६१ मध्ये.