म्हशी घरात, कुलूप दाराला: बारडोलीची जप्ती आणि आपलं बँक खातं

आजचा विषय जप्ती. कर थकला म्हणून सरकार तुमच्या पगारावर किंवा बँक खात्यावर हात ठेवतं, ती जप्ती. पण सुरुवात करूया १९२८ पासून, कारण तेव्हा एका अख्ख्या तालुक्याने सरकारची जप्ती जवळजवळ बंद पाडली होती. त्यांनी ते कसं जमवलं हे कळलं की आज आपलं खातं इतक्या सहज का गोठतं, तेही कळतं.

तालुका बारडोली, जिल्हा सुरत. आज गुजरातमध्ये आहे, पण तेव्हा मुंबई इलाख्यात होता. म्हणजे शेतसाऱ्याचा जो १८७९ चा कायदा साताऱ्याला आणि नाशिकला लागू होता, तोच बारडोलीला. साऱ्याची फेरआकारणी झाली तेव्हा एका अधिकाऱ्याने ३० टक्के वाढ सुचवली. सरकारने ती सुमारे २२ टक्क्यांवर आणली. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं की हा आकडाच चुकीच्या हिशोबावर उभा आहे, निष्पक्ष चौकशी करा. सरकार ऐकेना. १२ फेब्रुवारी १९२८ ला वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली ठराव झाला: चौकशी होईपर्यंत सारा भरायचा नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. 'आम्ही कर देणारच नाही' असं ते म्हणत नव्हते. भांडण रकमेवर होतं. सरकार जुना आकार पूर्ण वसुली म्हणून घ्यायला तयार असेल, तर तो भरायची त्यांची तयारी होती.

मग सरकारने कायद्यातली एकेक पायरी चढायला सुरुवात केली. आधी नोटीस. मग चौथाई, म्हणजे थकबाकीच्या पाव हिश्श्याचा दंड. मग घरातली भांडी, गाडी, म्हशी यांची जप्ती. शेवटी जमीनच खालसा करून लिलाव.

आता जरा सिस्टीम म्हणून बघूया (सॉफ्टवेअरवाल्याची खोड, जात नाही). १९२८ मध्ये जप्ती करायची तर काय काय लागायचं? घर कोणाचं, शेत कोणतं हे सांगायला गावचा पटेल आणि तलाठी. सामान उचलायला माणसं. पंचनाम्याला पंच. आणि लिलावात बोली लावणारा गिऱ्हाईक. यातली प्रत्येक कडी म्हणजे एक जिवंत माणूस, आणि माणूस 'नाही' म्हणू शकतो.

बारडोलीने नेमकं तेच केलं. अनेक पटेल आणि तलाठ्यांनी राजीनामे दिले. जप्तीवाले येताना दिसले की स्वयंसेवक ढोल, शंख वाजवायचे आणि गावभर दारं बंद व्हायची. माणसं आत आणि म्हशीही आत, आठवडेच्या आठवडे. ऊन न लागल्याने काळ्या म्हशी गोऱ्या झाल्या, असे विनोद तेव्हा चालायचे. सामान हलवायला गावात कोणी मिळेना म्हणून सरकारला बाहेरून पठाण आणावे लागले. लिलावाच्या मालाला स्थानिक गिऱ्हाईक मिळणं मुश्कील झालं.

हे सगळं गोड गोड नव्हतं, हेही सांगायला हवं. जो गुपचूप सारा भरायचा त्याच्यावर सामाजिक बहिष्कार पडायचा. आणि लढा जमीनमालकांचा होता. त्यांच्याच शेतात पिढ्यान्‌पिढ्या वेठीसारखं राबणाऱ्या दुबळा समाजाच्या मजुरांची सुटका या लढ्यात झाली नाही.

ऑगस्ट १९२८ मध्ये तडजोड झाली. जप्त जमिनी परत मिळाल्या, राजीनामा दिलेले लोक कामावर परतले आणि मॅक्सवेल आणि ब्रूमफील्ड या दोन अधिकाऱ्यांची चौकशी बसली. या ब्रूमफील्डनेच १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. म्हणजे शेतकऱ्यांच्या बाजूचा माणूस म्हणून त्याला कोणी निवडलं नव्हतं. तरी चौकशीत निघालं काय? २२ टक्के वाढ टिकत नाही, साधारण ६ टक्के पुरे.

आता आजकडे या. १९६१ च्या आयकर कायद्याने अधिकाऱ्याला अशी सत्ता दिली की तुमचे पैसे ज्याच्याकडे आहेत, त्यालाच थेट नोटीस पाठवायची. म्हणजे बँकेला किंवा कंपनीला. आणि घोडं इथेच पेंड खातं: बँकेने त्या नोटिशीप्रमाणे पैसे दिले नाहीत, तर कायदा बँकेलाच थकबाकीदार मानू शकतो. बारडोलीचा तलाठी राजीनामा देऊ शकत होता. तुमची बँक कशाला देईल? ढोल नाही, शंख नाही. यूपीआय फेल झालं की तुम्हाला कळणार.

पण जुन्या कायद्यांनी एक माणुसकी राखली आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत काही गोष्टी जप्तीबाहेर ठेवल्या आहेत: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारं, शेतकऱ्याचे औताचे बैल. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही त्यात येतात. आयकराच्या पगारकपातीलाही हेच संरक्षण आहे. पगार ४०,००० असेल तर ढोबळमानाने १३,००० पर्यंतच कापता येतात.

म्हणजे बारडोलीकरांनी जप्ती दारात आल्यावर लढा दिला. आपल्याला ती निघायच्या आधीच हालचाल करावी लागते. आयकराची मागणी नोटीस आली की साधारण ३० दिवस असतात. रक्कम चुकीची वाटत असेल तर त्या मुदतीत अपील करा आणि सोबत वसुलीला स्थगिती मागा. विभागाच्या २०१७ पासूनच्या सूचनांनुसार वादातल्या रकमेच्या २० टक्के भरले की पहिल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत साधारणपणे वसुली थांबवतात. त्याहून कमी रकमेवरही स्थगिती देता येते, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. आणि रक्कम बरोबर असेल, पण एकदम झेपत नसेल, तर हप्ते मागा. नुसतं अपील करून गप्प बसलात तर वसुली आपोआप थांबत नाही.

हे सगळं नोटीस वाचली तरच. ती आता घरी येऊन दार वाजवत नाही. पोर्टलवर येते, आणि पोर्टलला दिलेल्या ईमेलवर. कॉलेजात असताना काढलेला, आता पासवर्डही आठवत नाही असा ईमेल तिथे असेल, तर हा भाग संपल्यावर आधी तो बदला. १९२८ मध्ये जप्ती येतेय हे अख्ख्या गावाला ऐकू जायचं. आपल्याला ते स्वतःच बघावं लागतं.

भेटू पुढच्या भागात.