चांद्याचा परकोट: मृगाआधीची पहाट

चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, माणूस पाहुण्याला परकोट दाखवताना लांबी आधी सांगतो. अकरा किलोमीटर! खांडक्या बल्लाळशहाने पाया घातला, तेल ठाकुराने आखणी केली, पुढच्या गोंड राजांनी पिढ्यान्पिढ्या दगड चढवले. १८१८च्या मे महिन्यात हीच लांबी नडली.

१७ एप्रिल १८१८
पांढरकवड्याजवळ इंग्रजांच्या कर्नल ॲडम्सने पेशवा दुसऱ्या बाजीरावाची फौज उधळली. नागपूरचे आप्पासाहेब भोसले आधीच इंग्रजांच्या कैदेत. म्हणजे चांद्याच्या मदतीला येणारं आता कुणी उरलं नाही.

९ मे
ॲडम्स परकोटापुढे येऊन ठेपला. आत भोसल्यांचा किल्लेदार गंगासिंह आणि दोन-तीन हजार शिपाई. हिशेब मांडा: तीन हजार धरले तरी साडेतीन-चार मीटरला एक माणूस, तोही कुणी झोपायचं नाही या अटीवर. शिवाय जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे. बगड, हनुमान, विठोबा, चोर, मसाण या पाच खिडक्या. सगळीकडे पहारा हवा. वेढा घालणाऱ्याला मात्र एकच कोपरा पुरतो.

पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट. पावसाळ्यात या दोघी शहराचा खंदक होतात, पण चांद्याच्या मे महिन्यात पात्रातून माणूस चालत जातो. गंगासिंहाला तोफांपेक्षा पाऊस हवा होता, असं मला वाटतं.

१३ मे, पहाट
प्रयागकडे नेलं जात असताना जबलपूरच्या वाटेवर आप्पासाहेब शिपायाच्या वेशात पहाऱ्यातून निसटले. ही बातमी चांद्यात कळली असती तर नगारे वाजले असते. पण ते गेले महादेवाच्या डोंगराकडे. ज्यांच्यासाठी किल्ला लढवायचा ते मोकळे झाले, आणि किल्ला एकटाच राहिला.

१९ मे, उजाडताना
आग्नेय कोपऱ्यासमोर, हाकेच्या अंतरावर, १८ पौंडी तोफा. तोंडं सगळी एकाच जागेकडे. असा मारा म्हणजे सुताराचं काम: त्याच ठिकाणी घाव, पुन्हा त्याच ठिकाणी. एक दगड हलतो, मग त्याच्यावरचा आधार गमावतो, मग वरची कड आपल्याच वजनाने खाली येते आणि पडलेल्या दगडमातीची चढण तयार होते. चढायला शिडीसुद्धा लागत नाही.

१९ मे, दिवस कलताना
खिंडार तयार. हल्ला मात्र सकाळी करायचा ठरला. उरलेला अकरा किलोमीटर परकोट जसाच्या तसा उभा, जटपुऱ्यावरचा हत्तीला दाबून धरणारा सिंहही जागच्या जागी. त्याचा आता काडीचा उपयोग नव्हता.

रात्र
मृगाला अजून पंधरवडा होता.

२० मे, सकाळ
पलटणी खिंडारातून आत घुसल्या. गंगासिंह लढता लढता पडला. शहरात शिरलेली फौज काय करते, ते वेगळं सांगायला नको. इंग्रजांच्या तोफखान्याचा एक मेजरही या मोहिमेत गेला, पण गोळीने नव्हे, उन्हाने आणि थकव्याने. चांद्याच्या उन्हाने तेवढी कामगिरी बजावली.

आज जटपुऱ्याच्या कमानीखाली ऑटोरिक्षा अडकून हॉर्न वाजवत असतात. सिंहाकडे मान वर करून बघायला सवड कुणाला? परकोटावर तर झुडपांचं रान माजलं होतं. २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी कुऱ्हाडी-विळे घेऊन ते उपसलं, म्हणून आता वरून चालता येतं. चालून बघा. पाय दुखायला लागतात तेव्हा त्या शिपायांची संख्या आठवते.

३ जून १८१८
बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. मृग दाराशी येऊन ठेपला होता.