अभिजात म्हणावे कोणास?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. प्रत्येक मराठी माणसास झाला तसा आनंद आम्हांसही झाला. पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांनाही त्याच दिवशी हा मान लाभला. असा दर्जा मिळतो तो भाषेच्या प्राचीनतेवर. ‘गाथासप्तशती’, ‘लीळाचरित्र’, ‘ज्ञानेश्वरी’ या पूर्वसुरींच्या ठेवी आपल्यापाशी होत्या, म्हणून तो आपणांस मिळाला. पण वाडवडिलांच्या पुण्याईवर मिळालेला मान वारसांना प्रश्न विचारल्यावाचून राहत नाही. आपण या ठेवीत कोणती भर घातली?

हाच प्रश्न त्यानंतर काही दिवसांनी करमाळ्यास एका घरी सायंप्रार्थना आटोपल्यावर निघाला. दोन-तीन कुटुंबे जमली होती. एक निवृत्त शिक्षक होते, परिचारिकेचे काम करणारी एक तरुणी होती, महाविद्यालयात जाणारी दोन मुले होती. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतील कोणत्या मराठी पुस्तकांना ‘आधुनिक अभिजात’ म्हणता येईल, यावर बोलणे रंगले. गुरुजींनी विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’चे नाव घेतले. ते साहजिकच होते, कारण १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात करमाळा तालुक्यातील भीमाकाठची गावे बुडाली आणि धरणग्रस्तांची ही कादंबरी १९९१ साली आली, तेव्हा येथील लोकांना ती आपलीच कैफियत वाटली. मुलांपैकी एकाने सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ पुढे केली, कारण कोरडवाहू शेतकऱ्याचे घर त्याने पुस्तकात प्रथम पाहिले ते तेथे. तरुणीने मात्र शांतपणे सांगितले, “फादर, आपल्याच तालुक्यातले पुस्तक आपण विसरतो आहोत. ‘कोल्हाट्याचं पोर’.”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग घरच्या मावशी म्हणाल्या, “पुस्तक खरे असेल बाई, पण असले पुस्तक पोरांच्या हाती कसे द्यायचे? आणि त्याला अभिजात म्हणायचे?”

मावशींचा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ‘अभिजात’ या शब्दाचीच विचारपूस करणे आवश्यक आहे, असे आम्हांस वाटते.

‘अभिजात’ म्हणजे उत्तम कुळात जन्मलेला, कुलीन. ज्या युरोपीय शब्दासाठी आपण तो वापरतो, त्या ‘क्लासिक’ शब्दाचे मूळही फारसे वेगळे नाही. प्राचीन रोममध्ये संपत्तीनुसार नागरिकांचे वर्ग पाडीत आणि सर्वांत वरच्या वर्गातील नागरिकास ‘क्लासिकस’ म्हणत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात औलस गेलियस या रोमन लेखकाने हा शब्द प्रथम ग्रंथकारांस लावला. म्हणजे एका शब्दात जन्माची प्रतिष्ठा आहे, तर दुसऱ्यात धनाची. मग ज्या पुस्तकाचा नायक बापाचे नाव लावू शकत नाही, त्यास अभिजात कसे म्हणावे? मावशींच्या मनातील अडखळ ही केवळ त्यांची नव्हे. ती शब्दाच्या पोटातच बसलेली आहे.

परंतु आपल्या भाषेचा इतिहास या शब्दार्थाची साक्ष देत नाही. ज्या ज्ञानेश्वरीच्या बळावर आपण अभिजाततेचा दावा केला, तिच्या कर्त्यास आणि त्याच्या भावंडांस समाजाने ‘संन्याशाची पोरे’ म्हणून वाळीत टाकले होते, असे परंपरा सांगते. संन्यास सोडून पुन्हा गृहस्थाश्रमात आलेल्या पित्याची ती मुले. शुद्धिपत्रासाठी त्यांना पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे जावे लागले. १२९० सालचा हा ग्रंथ आज सर्व मराठी ग्रंथांत कुलीन गणला जातो, पण जन्मवेळी कुलीनतेचा दाखला त्याच्या कर्त्याजवळ नव्हता. ‘संन्याशाचे पोर’ आणि ‘कोल्हाट्याचं पोर’ या दोन शब्दांत सातशे वर्षांचे अंतर आहे. हिणवण्याचा सूर मात्र एकच आहे.

ग्रंथ नुसता लिहिला गेला म्हणून टिकला असेही झाले नाही. पुढील तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून त्याच्या पाठांत अशुद्धे शिरली. तेव्हा १५८४ साली एकनाथ महाराजांनी प्रती ताडून त्याची शुद्ध प्रत सिद्ध केली. वारकऱ्यांनी ती घरोघर पारायणात ठेवली. वाचणाऱ्यांनी, ऐकणाऱ्यांनी आणि प्रत जपणाऱ्यांनी तिला अभिजात केले.

आपल्या ख्रिस्ती साहित्याचा इतिहासही हेच सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा हा ग्रंथ परक्या देशातून आलेल्या माणसाने परक्या भाषेत लिहिला. कुळाच्या कसोटीवर त्याला मराठीच्या पंगतीत पाटही मिळाला नसता. त्यातच १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावे. अशा वाऱ्यात मराठी ओव्यांचा ग्रंथ कोठून तगणार? त्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही.

तरीही ख्रिस्तपुराण नष्ट झाले नाही. भाविकांनी त्याच्या हस्तलिखित प्रती केल्या, ते सणावारी आणि घराघरांत गाइले. जी कुटुंबे गोवा सोडून दक्षिणेस गेली, त्यांच्याबरोबर त्याचे वाचनही गेले. अशा हस्तलिखितांच्या आधारेच जे. एल. सालडाना यांनी १९०७ साली मंगळूर येथे त्याची आवृत्ती काढली. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते पुण्याहून देवनागरीत आणले. पुढे कॅरिदाद द्रागो यांची १९९६ सालची आणि फादर नेल्सन फल्काव यांची २००९ सालची आवृत्ती आली. आज कोणताही मराठी वाङ्मयेतिहास ख्रिस्तपुराण वगळून लिहिता येत नाही. छापखाना हरला आणि घर जिंकले. ज्यांची नावे इतिहासात नाहीत अशा माणसांनी दिव्याच्या उजेडात प्रती उतरवल्या नसत्या, तर विद्वानांनी संपादन कशाचे केले असते?

तिसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. त्या आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या मंडळीतील, पण ‘स्मृतिचित्रे’ ही सर्वच मराठी ख्रिस्ती जनांची ठेव आहे. शाळेचे तोंड न पाहिलेली ही स्त्री लग्नानंतर अक्षरे शिकली. नवऱ्याने १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तिच्यावर आकाश कोसळले. पुढे १९०० साली तिने स्वतः तो स्वीकारला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या तिच्या आठवणींत ना पांडित्य आहे ना अलंकार. ज्या भाषेत ती स्वयंपाकघरात बोलत असे, त्याच भाषेत ती लिहिते. स्वतःवर हसते आणि कोणाचे उणे काढताना स्वतःचे आधी काढते. तिच्या काळातील अनेक विद्वानांचे ग्रंथ कपाटात राहिले, स्मृतिचित्रे हातात राहिली.

या तीन ग्रंथांवरून आम्हांस असे दिसते, की अभिजातपण जन्माने येत नाही. पुरस्कारानेही ते येत नाही. साहित्य अकादमीचा सन्मान ‘झाडाझडती’स १९९२ साली आणि ‘बारोमास’ला २००४ साली मिळाला. तो योग्यच होता. पण पुरस्कार म्हणजे तज्ज्ञांनी वाचकास केलेली शिफारस, वाचकाने दिलेला निकाल नव्हे. १९४४ साली लंडनच्या एका व्याख्यानात कवी टी. एस. एलियट यांनी अभिजात ग्रंथाची मुख्य खूण परिपक्वता ही सांगितली होती. ती आम्ही मान्य करतो, पण आमच्या घरगुती वाचकासाठी आणखी साध्या तीन खुणा सुचवतो. पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना पहिल्यापेक्षा अधिक देते काय? ते ज्या बातमीतून जन्मले ती बातमी जुनी झाल्यावरही ते बोलते काय? आणि ते वाचल्यावर, ज्याच्याकडे आपण पाहत नव्हतो त्याच्याकडे आपण पाहू लागतो काय?

आता ‘कोल्हाट्याचं पोर’कडे वळू. डॉ. किशोर शांताबाई काळे हे करमाळा तालुक्यातील नेरले गावचे. तमाशात नाचणाऱ्या आईच्या पोटी ते जन्मले आणि आईपासून दूर, आजोळी वाढले. घरातील स्त्रियांनी नाचावे आणि पुरुषांनी त्यावर बसून खावे, ही रीत त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिली. उपासमार, मारहाण आणि टोमणे सोसत ते शिकले आणि मुंबईस जाऊन डॉक्टर झाले. १९९४ साली त्यांचे हे आत्मकथन ‘ग्रंथाली’ने प्रसिद्ध केले. पुढे त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. २००७ साली, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, अपघातात त्यांचा अंत झाला. बापाच्या नावाच्या जागी त्यांनी आईचे नाव लावले. ते दुःखाची जाहिरात म्हणून नव्हे. जी एक गोष्ट निश्चित होती, ती त्यांनी लिहिली एवढेच.

आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यात जन्मलेल्या शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ सालच्या आत्मकथनाचे नाव ‘अक्करमाशी’ आहे. बारा माशांचा तोळा होतो. अकरा माशांचा तो अक्करमाशी, म्हणजे रक्ताने उणा. एकाच जिल्ह्यातील ही दोन पुस्तके आपल्या नावातच कुलीनतेचा प्रश्न घेऊन उभी आहेत आणि आम्ही त्यांना ‘अभिजात’ म्हणावे की नाही याचा खल करतो आहोत!

मावशींचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या पुस्तकांत जे आहे ते घरात मोठ्याने वाचताना जीभ अडते. लहान मुलांच्या हाती ती द्यावीत असे आमचेही म्हणणे नाही. प्रत्येक पुस्तकास वाचकाचे वय असते. परंतु जाणत्या मुलामुलींपासून ती लपवावीत काय? संत मत्तयने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी प्रभूची वंशावळ दिली आहे. तीत तामार आहे, यरिहोची वेश्या राहाब आहे, परक्या मवाब देशाची रूथ आहे आणि उरीयाची पत्नी आहे. सोयीची वंशावळ लिहायची असती तर ही नावे गाळता आली असती. ती गाळलेली नाहीत. आणि नासरेथच्या लोकांनी प्रभूस हिणवताना ‘मरियेचा पुत्र’ म्हटल्याचे संत मार्क नोंदवतो. ज्या धर्मग्रंथास आपण सर्वांत पवित्र मानतो, तो कुळाचे दोष झाकून सुरू होत नाही. मग नेरल्याच्या एका मुलाने आपल्या घराचे सत्य सांगितले, तर ते आपल्या घरात अशोभनीय कसे ठरावे? अशोभनीय असेल तर ती रीत, ते सांगणे नव्हे.

गुरुजींचा दुसरा आक्षेप असा होता, की तीस वर्षे म्हणजे काळाची परीक्षा नव्हे. शंभर वर्षांनी निकाल लागेल. यात तथ्य आहे. आम्हीही आजच शिक्का मारण्यास तयार नाही. ‘कोल्हाट्याचं पोर’ एका दमात, तरुण वयात लिहिलेले आहे आणि त्याची घाई काही ठिकाणी जाणवते. ‘झाडाझडती’चा व्याप काहींना जड वाटेल. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० साली आले. आपल्या अनेक घरांत ते नित्य वाचनात आहे, पण ते मराठी गद्याचा आदर्श ठरेल की केवळ आपल्या समाजाचा ग्रंथ राहील, हे पुढील पिढी ठरवील. २०२० साली उस्मानाबादेस, म्हणजे करमाळ्याच्या शेजारच्या जिल्ह्यात, अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर एक कॅथोलिक धर्मगुरू विराजमान झाले, ही मात्र घडलेली गोष्ट आहे. फादर दिब्रिटो २०२४ च्या जुलैत आपल्यातून गेले.

पण गुरुजींना आम्ही नम्रपणे एवढेच विचारू, की काळ परीक्षा घेतो ती कोणाच्या हातांनी? ख्रिस्तपुराणाच्या छापील प्रती काळानेच गिळल्या. काळाच्या हवाली केलेले पुस्तक वाळवीच्या हवाली होते. शंभर वर्षांनंतरचा वाचक निकाल देईल तो आज आपण त्याच्यापर्यंत जे पोहोचवू त्यावर. म्हणून आजच्या वाचकाचे काम निकाल देण्याचे नसून साक्ष जपण्याचे आहे. अभिजात कोण हे आपण ठरवू शकणार नाही. अभिजात होण्याची संधी कोणास मिळावी, हे मात्र आपणच ठरवीत असतो, आणि न वाचूनही ठरवीत असतो.

यात आपल्यापुढील खरी चिंता आहे. आमच्या भेटीगाठींत आम्हांस अशी घरे दिसतात, जेथे मुलांच्या इंग्रजी पुस्तकांना कपाट आहे आणि मराठी पुस्तक शोधावे तर प्रार्थनेच्या पुस्तकापलीकडे काही नाही. मुले हुशार आहेत. ती मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. गोव्यात फर्मान काढावे लागले होते. येथे कोणी फर्मान काढलेले नाही, आपण आपल्या हौसेने ते पाळीत आहोत. भाषेस अभिजात दर्जा मिळाला त्याच वेळी घरात तिचा वाचक उरू नये, यासारखी विसंगती नाही.

त्या संध्याकाळी निरोप घेताना मावशींनी त्या तरुणीस ते पुस्तक मागितले. “आधी मी वाचते, मग पोरांचे बघू,” असे त्या म्हणाल्या. महिन्याभराने आम्ही पुन्हा गेलो तेव्हा पुस्तकास वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले होते आणि मधल्या एका पानावर खूण होती. मावशींनी मत सांगितले नाही. “त्याच्या आईचे पुढे काय झाले असेल हो फादर?” एवढेच त्यांनी विचारले.

ज्या पुस्तकाने करमाळ्यातील एका मातेस नेरल्यातील दुसऱ्या मातेची काळजी वाटावयास लावली, त्याने आमच्या तिसऱ्या खुणेस उत्तर दिले आहे. पहिल्या दोहोंची उत्तरे आपल्या घरांवर अवलंबून आहेत. वाचकहो, यंदा उपवासकाळात प्रत्येक कुटुंबाने एक मराठी पुस्तक घ्यावे, रोझरीनंतर दहा पाने वाचावीत आणि वाचून झाल्यावर ते शेजारच्या घरी द्यावे. ख्रिस्तपुराण असेच घरोघरी फिरत आपल्यापर्यंत आले.