मल्लिकार्जुनचा अप्पू

पुण्यात नोकरीला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात माझं नाव कापलं गेलं. "मल्लिकार्जुन फार लांब होतंय, नुसतं अर्जुन चालेल का?" मी लगेच हो म्हणालो. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. "तू कानडी का रे?" या प्रश्नातून सुटका झाली. पुढे गॅझेटमध्येही तसाच बदल करायचा म्हणून फॉर्म डाउनलोड करून ठेवला.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी सोलापूरला आलो, तेव्हा आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "बदल की. मी कुठं ते नाव कधी घेतलंय?"

खरंच होतं ते. घरात मी अप्पू. आजोबा मल्लप्पा, त्यांच्यावरून मी मल्लिकार्जुन. पण सुनेनं सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही. मग पोराला हाक कशी मारायची? 'मल्लू' म्हटलं तरी अर्धं नाव तोंडात येतंच. आजोबांचं नाव नातवाला देणाऱ्या कितीतरी घरांत हा पेच पडायचा आणि त्यातूनच कुणी अण्णा, कुणी तात्या, कुणी बाळू व्हायचा. टोपणनाव दरवेळी लाडातूनच येतं असं नाही, कधी ती मर्यादेतून काढलेली वाटही असते.

गंमत म्हणजे आईची वाट परत आजोबांपाशीच पोचली होती. कन्नडमध्ये 'अप्पा' म्हणजे वडील. मल्लप्पातला 'मल्ल' तिनं टाळला, पण 'अप्पा' माझ्याकडे आलाच.

आणि तो 'मल्ल' म्हणजे श्रीशैलमचा मल्लिकार्जुन. बाराव्या शतकातले सिद्धराम, म्हणजे आपले सिद्धेश्वर, आपल्या कन्नड वचनांत 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही मुद्रा घालत. म्हणून आमच्याकडे गल्लोगल्ली सिद्राम आणि मल्लप्पा भेटतात. संस्कृतात मल्लिका म्हणजे मोगरा, अर्जुन म्हणजे पांढरा. मी फूल टाकून नुसता रंग ठेवला होता.

त्या संध्याकाळी चार हुतात्मा चौकात थांबलो. तिथली नावं लहानपणापासून पाठ आहेत, पण ती नावं म्हणून कधी वाचली नव्हती. मल्लप्पा धनशेट्टी: कन्नड. श्रीकिसन सारडा: कृष्णाचा बोलीतला किसन. जगन्नाथ शिंदे: संस्कृत नाव, मराठी आडनाव. कुर्बान हुसेन: अरबी, आणि त्यातलं 'हुसेन' हे 'हसन'चं लहान, लाडकं रूप. १९३० च्या आंदोलनानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना फाशी दिली गेली, ती पुण्यातल्या येरवडा तुरुंगात. ज्या पुण्यात मी माझं नाव अर्धं करून घेतलं, तिथंच.

ऑफिसचा ईमेल अजून 'अर्जुन'च आहे. गॅझेटचा फॉर्म मात्र डिलीट केला. आता कुणी "कानडी का?" विचारलं, तर "सोलापूरचा" म्हणतो आणि पूर्ण नाव सांगतो.