छापखाना कोणाचा, हक्क कोणाचा?

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ साली बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण कसे रद्द केले, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्या पत्रव्यवहारातल्या एका तपशिलाकडे आमच्या मते पुरेसे लक्ष जात नाही. भाषण लाहोरला छापावे, स्वस्त पडेल, असे मंडळाचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी ते मानले नाही, छपाई मुंबईतच व्हावी असा आग्रह धरला. पुढे मंडळाला मजकूर खुपला, अधिवेशन बारगळले. पण छापलेले भाषण बाबासाहेबांच्याच ताब्यात राहिले. त्यांनी स्वखर्चाने १५०० प्रती काढल्या आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. मजकूर, छपाई आणि हक्क दुसऱ्याच्या हाती गेले असते तर 'जातिभेद निर्मूलन' कोणाच्या परवानगीने बाहेर आले असते?

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, कॉपीराइट ही भांडवलदारांची भानगड, विचार मुक्त असावा. मान्य. पण ज्याच्या हाती हक्क आहे तोच तो मुक्त करू शकतो. हक्क प्रकाशकाकडे आणि पुस्तक बाजारात नाही, ही स्थिती मुक्तीची नव्हे, कोंडीची आहे.

लेखकाकडे हक्क परत येण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या १७१० च्या कायद्यात पहिली १४ वर्षे संपल्यावर लेखक हयात असेल तर पुढच्या १४ वर्षांचा हक्क त्याच्याकडे परत येई. १९११ च्या ब्रिटिश कायद्यानुसार लेखकाने हयातीत विकलेला हक्क त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी वारसांकडे परतत असे. स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कायद्यात ही तरतूद राहिली नाही. १९८३ च्या दुरुस्तीने कलम १९अ आले : हक्क घेणारा त्याचा पुरेसा वापर करत नसेल आणि त्यात लेखकाचा दोष नसेल, तर लेखक तक्रार करून हस्तांतरण रद्द करून मागू शकतो. तेव्हा ही तक्रार कॉपीराइट मंडळाकडे जाई, आता न्यायालयात जावे लागते. वकिलाची फी कोण भरणार, हा आपल्या लोकांचा खरा प्रश्न तिथेच उभा राहतो.

१९९४ च्या दुरुस्तीने आणखी दिले. करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचेच धरले जाते. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळे लिहिलेले नसल्यास, हस्तांतरण आपोआप संपते. मात्र त्याच कलम १९ मध्ये एक मेख आहे : या तरतुदी त्या दुरुस्तीपूर्वीच्या करारांना लागू नाहीत. म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातले दलित साहित्य, ज्याने मराठीला हादरवले, त्याचे करार बाहेरच राहिले! त्यांच्यासाठी करारातला मजकूर आणि कलम १९अ यांकडेच पाहावे लागते. त्या पिढीतल्या अनेकांनी कागद न वाचता सही केली असेल. पुस्तक निघते आहे याचाच आनंद मोठा होता. आज वारसांनी घरातल्या ट्रंकेत तो कागद शोधावा. सहीचा लेखी कागदच नसेल तर हस्तांतरणच झालेले नाही, कारण कायद्याला ते लेखीच लागते.

नव्या लेखकांना आमचे सांगणे इतकेच, की 'कायमस्वरूपी सर्व हक्क' या शब्दांवर सही करू नका. 'आवृत्ती संपल्यास हक्क परत' एवढ्यानेही भागत नाही. आता मागणीनुसार एकेक प्रत छापता येते, त्यामुळे प्रकाशक म्हणेल, पुस्तक उपलब्धच आहे. म्हणून वर्षाला अमुक प्रतींपेक्षा कमी विक्री झाली आणि लेखी नोटिशीनंतर सहा महिन्यांत नवी आवृत्ती निघाली नाही तर हक्क परत, असे आकड्यात लिहून घ्या. अनुवाद, ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक यांचे हक्क वेगळे ठेवा.

बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना खुले आहेत. मरणोत्तर प्रथम छापलेल्या लेखनाची ६० वर्षे मात्र प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजतात. तेव्हा पुस्तिका काढणाऱ्या मंडळांनी आधी मूळ प्रकाशनाचे साल तपासावे.

जय भीम.