18 वर्षं शिकवलं, नोंद मात्र 2013 ची

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये 'कट-ऑफ डेट' म्हटलं की जुने प्राध्यापक अजूनही चिडतात. का ते सांगतो.

19 सप्टेंबर 1991 ला यूजीसीने नेट सक्तीची केली. तरी आपल्या राज्यात नेट-सेट नसलेल्यांच्या नेमणुका पुढे 2000 पर्यंत होतच राहिल्या. जागा भरायला माणसं हवी होती ना! 2013 ला प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, तेव्हा कुठे 27 जूनचा शासन निर्णय निघाला. सेवा नियमित, पण त्या दिवसापासून. म्हणजे 1995 ला रुजू झालेले सर कागदावर 2013 चे. आणि जुनी पेन्शन कुणाला? 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेल्यांना. मग काय, मंडळी कोर्टात गेली.